बागेचा हिशेब

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु गुरूच्या त्याच मुक्कामात, माघी पौर्णिमेच्या सुमारास, तामिळनाडूतील कुंभकोणम् या गावीही लक्षावधी माणसे स्नानासाठी लोटतात, हे आपल्या इकडे थोड्यांनाच ठाऊक असेल. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वास तिकडे महामहम् म्हणतात. मागील महामहम् २०१६ च्या फेब्रुवारीत झाला. पुढील २०२८ साली यावयाचा आहे. गाव कावेरीच्या काठी वसलेले असले, तरी या पर्वाचे मुख्य स्नान घडते ते गावाच्या ऐन वस्तीतील महामहम् तलावात.

हा तलाव सहा एकरांहून थोडा मोठा आहे. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या, काठाने सोळा लहान मंडप आणि तळाशी निरनिराळ्या तीर्थांच्या नावांच्या विहिरी, अशी त्याची रचना. मंडपांचे श्रेय तंजावरच्या नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित यांना दिले जाते. पर्वाचे दिवस वगळले, तर बारा वर्षांतील उरलेल्या दिवशी येथे काय असते? पाणी, पायऱ्या आणि मंडपांची सावली. कुंभकोणम् हे दाट वस्तीचे, व्यापाराचे, पितळी भांड्यांचे व विड्याच्या पानांचे गाव. अशा गावात सहा एकर जागा एका तपासाठी 'रिकामी' ठेवणे कोणाही हिशेबी माणसाच्या डोळ्यांवर यावे. तरीही तो तलाव बुजवून तेथे वाहनतळ उभारावा, असे सुचविण्याचे धैर्य कोणी करणार नाही. ही जागा कशासाठी आहे, हे बारा वर्षांनी एकदा का होईना, अवघ्या दक्षिण देशाला आठवते. तोच तिचा पहारेकरी.

त्याच गावातील इतर लहान तलावांना व कालव्यांना असा पहारेकरी लाभला नाही. त्यांवरील अतिक्रमणांचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. पाणी तेच, गाव तेच. पण एका तलावाला पर्व आहे, दुसऱ्याला नाही.

वाचकहो, सार्वजनिक बाग ही या दुसऱ्या प्रकारची मालमत्ता होय. तिच्यात देव नाही, तिची यात्रा भरत नाही. सकाळी पेन्शनर मंडळी तीन फेऱ्या मारतात, दुपारी मजूर झाडाखाली भाकरी सोडतो, संध्याकाळी आया मुलांना घसरगुंडीवर नेतात. ती रोज वापरात असते, आणि म्हणूनच तिची कोणाला आठवण म्हणून राहत नाही. नळाचे पाणी बंद पडल्यावर नळाची आठवण होते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की पाणी पुन्हा सोडता येते.

राजेरजवाड्यांच्या बागा आपल्या देशात प्राचीन काळापासून आहेत. परंतु जिच्या फाटकातून कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता आत जावे, अशी नगराची बाग ही मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील निपज. तंजावरला बृहदीश्वराच्या मंदिरालगत शिवगंगा नावाचा जुना तलाव आहे. तेथील नगरपालिकेने १८७१-७२ साली त्याच्या भोवती लोकांसाठी बाग केली. इकडे बडोद्यास १८७९ साली कामाठी बाग, म्हणजे सयाजी बाग, नागरिकांसाठी तयार झाली. त्या वेळी महाराज सयाजीराव अल्पवयीन होते व राज्याचा गाडा दिवाण सर टी. माधवराव हाकीत होते. हे माधवराव १८२८ साली कुंभकोणम् येथेच एका मराठी कुटुंबात जन्मले होते. तंजावरच्या मराठी राज्याने जी देशस्थ घराणी कावेरीकाठी नेली, त्यांपैकीच हे एक. ते राज्य १८५५ साली संपले, पण कुंभकोणमातील एका रस्त्याला अद्यापि 'दबीर' हे नाव आहे. आपल्या अष्टप्रधानांच्या यादीतील शब्द तामिळ गावाच्या पाटीवर वाचावयास मिळतो, ही गंमत तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाने चुकवू नये. असो.

अशा बागा नाहीशा कशा होतात, हे पाहावयाचे असेल तर कुंभकोणमहून मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस जावे. सेंट्रल स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास आपण एका मोठ्या बागेच्या काठी उभे आहोत, असे स्वप्नातही वाटणार नाही. गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या पुढाकाराने १८५९ साली येथे 'पीपल्स पार्क' ही लोकांची बाग घालण्यात आली. तिचे क्षेत्र ११६ एकर होते. आत तळी होती, गाडीरस्ते होते, पुढे प्राणिसंग्रहालयही आले. गर्दीच्या ब्लॅक टाउनमधील लोकांना मोकळी हवा मिळावी, हा हेतू.

मग एकेक पाहुणा आला. १८८० नंतरच्या दशकात व्हिक्टोरिया सभागृह उभे राहिले. नगराला सभा-नाटकांसाठी जागा हवीच होती. जुनी मंडई अस्वच्छ झाली होती, म्हणून १९०० साली मूर मार्केट उघडले. स्वच्छ मंडई कोणाला नको? महापालिकेला कचेरी हवी, म्हणून १९१३ साली रिपन बिल्डिंग ही शुभ्र, देखणी इमारत झाली. क्रीडाप्रेमींसाठी क्रीडागार झाले व १९९३ साली त्याच्या जागी नवे, भव्य नेहरू स्टेडियम आले. प्राणिसंग्रहालय १९८५ साली दूर वंडलूरला गेले. त्याच वर्षी मूर मार्केट आगीत भस्मसात झाले. त्या जागी बाग परत आली असे कोणास वाटेल, तर तसे झाले नाही. रेल्वेची इमारत आली. आज त्या ११६ एकरांपैकी बाग म्हणावी असा 'माय लेडीज गार्डन' नावाचा लहानसा तुकडा उरला आहे.

या इतिहासात कोणी खलपुरुष सापडत नाही. बागेत दारूचा गुत्ता काढण्यासाठी कोणी जागा मागत नाही. मागतात ते वाचनालयासाठी, सभागृहासाठी, थोर पुरुषाच्या स्मारकासाठी, व्यायामशाळेसाठी. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर तिला नकार देणारा माणूसच हटवादी दिसतो. 'एवढी मोठी बाग, त्यातला अर्धा एकर गेला तर काय बिघडले?' या प्रश्नास त्या दिवशी उत्तर नसते. उत्तर शंभर वर्षांनी मिळते, आणि तेव्हा विचारणारा व ऐकणारा, दोघेही हयात नसतात.

रुग्णालयाहून अधिक चांगले काम ते कोणते? आणि तरीही याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला १९९१ साली निर्णय द्यावा लागला. बंगलोरच्या एका वसाहतीत नकाशामध्ये बागेसाठी राखलेली जागा शासनाने एका खासगी संस्थेस शुश्रूषागृह बांधण्यासाठी दिली. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. 'बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा' या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. बागेसाठी राखलेली मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्याची व सोयीची ठेव आहे, ती खासगी शुश्रूषागृहाकडे वळविण्याचा अधिकार कार्यकारी सत्तेला नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता. ती जागा वाचली. आणि वाचली याचे कारण असे, की नकाशावर ती बाग म्हणून लिहिलेली होती व तो नकाशा रहिवाशांनी वाचलेला होता.

हा कागदाचा महिमा झाला. परंतु जी बाग आधीच बाग म्हणून प्रसिद्ध आहे, जिला कोणी 'मोकळी जागा' म्हणू शकत नाही, तिच्यावरही पुनर्विकासाचे संकट येऊ शकते. मुंबईच्या राणीच्या बागेची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, ती यासाठीच.

राणीची बाग कोणी पाहिली नाही? भायखळा, लालबाग, परळ येथील चाळींतून वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांची पहिली सहल येथेच झाली. घरच्या माणसांना वाघ दाखवावयाचा, हत्ती दाखवावयाचा, आणि मग झाडाखाली बसून डब्यातील पुरी-भाजी खावयाची, हा सुटीच्या दिवसाचा क्रम. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव. परंतु या बागेचा उगमच एका विस्थापनातून झालेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान मंडळाची एक बाग १८३० नंतरच्या दशकात शिवडीला होती. युरोपियनांच्या दफनभूमीसाठी ती जागा घेण्यात आली. दफनभूमी हेही नगराच्या गरजेचेच काम! शिवडीची बाग उठली व माझगाव-भायखळ्याच्या बाजूस नव्या जागेवर वसली. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स'चे उद्घाटन झाले. १८७३ साली मंडळाचे काम थांबल्यावर बाग महापालिकेकडे आली आणि १८९० साली जागा वाढवून तेथे प्राणिसंग्रहालय सुरू करण्यात आले.

म्हणजे प्राण्यांच्या आधी जवळजवळ तीस वर्षे येथे झाडे होती. ही वनस्पतींची बाग होती व आहे. परंतु मुंबईकराच्या मनात ती 'वाघ-सिंहांची बाग' झाली, आणि हाच घोटाळा पुढे तिला भोवणार होता.

बागेत इतर वस्तूही येऊन राहिल्या. घारापुरीचा जो दगडी हत्ती विलायतेस नेण्याच्या खटपटीत १८६४ साली मोडला, त्याचे तुकडे जुळवून १९१४ साली तो येथे उभा केला. काळ्या घोड्यावरील राजपुत्राचा पुतळा १९६५ साली येथे आणला. प्रवेशद्वाराशी ससून घराण्याचा घड्याळाचा मनोरा, शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय. यांपैकी कोणत्याही वस्तूने बागेची सावली फारशी खाल्ली नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बागेत काहीच नसावे, असा आमचा हट्ट नाही. काठावर उभा राहणारा पाहुणा वेगळा आणि माजघरात पाय पसरणारा वेगळा.

२००७ च्या सुमारास महापालिकेने या बागेच्या पुनर्विकासाची योजना आखली. थायलंडमधील एका सल्लागार संस्थेकडून आराखडा करून घेण्यात आला. खर्चाचा अंदाज ४३३ कोटी रुपयांचा होता. आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारावयाचे, परदेशी प्राणी आणावयाचे, प्रेक्षकांसाठी नव्या सोयी करावयाच्या. हेतूत दोष काढावा असे काय होते? पिंजऱ्यांची अवस्था खरोखरच वाईट होती, त्यातील जनावरांकडे पाहून लहान मुलांनाही वाईट वाटे. परंतु आराखडा पाहणाऱ्या काही जाणकारांच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्राण्यांची घरे कोठे बांधावयाची याचा त्यात विचार होता. त्या जागी आज कोण उभे आहे, याचा पुरेसा विचार नव्हता. दीड शतक वाढलेल्या वृक्षांना तो आराखडा मोकळी जमीन समजत होता.

या योजनेस विरोध उभा राहिला तो प्रामुख्याने मूठभर स्त्रियांचा. त्या ना पुढारी, ना वकील. झाडांचा अभ्यास करावा, या हौसेने बागेत येणाऱ्या त्या नागरिक होत्या. त्यांनी सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन ही संस्था उभी केली. आता त्यांच्या हाती काय होते? घोषणा देता आल्या असत्या. पण मुंबईत घोषणांची वाण कधीच नव्हती. त्यांच्या हाती होता तो हिशेब. बागेत तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत व ते पावणेतीनशेहून अधिक जातींचे आहेत, हे त्यांना सांगता येत होते. कोणता वृक्ष कोणत्या वाटेवर आहे, तो मूळचा कोठला, शहरात त्याच्या जातीचे दुसरे झाड आहे की नाही, हे त्या बोटाने दाखवू शकत होत्या. त्यांनी लोकांना बागेत बोलावले व झाडे दाखविली. पोटाशी लेकरू घेऊन आलेली बाई वाघाचा पिंजरा विचारी, तिला त्या वाटेत उभी करून गोरखचिंचेचा बुंधा दाखवीत.

ही झाडे तरी काय एकेक! उर्वशी म्हणून जिला आपण ओळखतो, ती मूळची ब्रह्मदेशाची. तिच्या लांबलचक लोंबत्या तुऱ्यांना तांबडी फुले येतात व पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका असतो. तिला बी क्वचितच धरते. म्हणून मोठी उर्वशी गेली तर तिच्या जागी दुसरी आणणे हे पैशाचे काम राहत नाही, पिढ्यांचे होते. कैलासपती हा तर दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. पण त्याच्या फुलात फणा धरलेल्या नागाखाली शिवलिंगाचा भास होतो म्हणून आपण त्याला शंकराचे नाव दिले, आणि तामिळ मुलुखात तोच नागलिंगम् म्हणून शिवालयाच्या आवारात मानाने उभा असतो. ज्याची पाने द्रोणासारखी वळलेली असतात तो कृष्णवड येथे आहे. सीता अशोक आहे, ज्याच्या ऐवजी आपण शाळेच्या आवारात उंच, सरळ, बिनसावलीचा खोटा अशोक लावून समाधान मानतो. अशा वृक्षांविषयी 'आम्ही ते दुसरीकडे हलवू' असे आश्वासन देण्याची आता पद्धत पडली आहे. रोप हलविणे निराळे. शंभर वर्षांच्या झाडाची मुळे तोडून ते क्रेनने उचलले, तर ते पुष्कळदा काही महिने हिरवे दिसते, त्याची छायाचित्रे निघतात, आणि नंतर ते वाळते तेव्हा छायाचित्र काढावयास कोणी जात नाही.

प्रकरण मुंबईच्या वारसा संवर्धन समितीपुढे गेले आणि समितीने ती मोठी योजना नाकारली. ४३३ कोटींचा तो आराखडा मागे पडला व त्याहून पुष्कळ लहान योजना पुढे आली. बाग जशीच्या तशी राहिली, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. २०१६ साली आठ हंबोल्ट पेंग्विन आणण्यात आले; २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना पाहावयास मिळू लागले. त्याच वर्षी प्रवेशशुल्क वाढून प्रौढांस ५० रुपये झाले. पूर्वी पाच रुपयांत आत जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही वाढ लहान नव्हती, जरी आई-वडील व दोन मुले यांना मिळून १०० रुपयांचे तिकीट ठेवण्यात आले होते. पेंग्विनांपुढे मुलांची झुंबड उडाली, हेही खरे. प्राण्यांची नवी घरे पुढेही होत राहिली. तेव्हा हा विजय संपूर्ण नव्हे. पण गोरखचिंच जागेवर आहे, उर्वशी जागेवर आहे, आणि २०१२ साली बागेच्या दीडशे वर्षांवर एक ग्रंथ निघाला, तो या लढ्यातूनच. पुढचा आराखडा काढणारास आता 'येथे काय आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते' असे म्हणता येणार नाही.

मद्रासेच्या बागेचा असा ग्रंथ वेळेवर कोणी केला असता, तर? हा प्रश्न निरर्थक आहे, तरी मनात आल्याशिवाय राहत नाही.

प्रारंभी सिंहस्थाचा उल्लेख केला, तो केवळ कुंभकोणमशी नाते जोडण्यासाठी नव्हे. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना नाशिकच्या तपोवनातील शेकडो झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला आणि शहरात मोठे आंदोलन झाले. येथे एका बाजूस साधूंच्या निवाऱ्याची सोय आहे, दुसऱ्या बाजूस वनवासातील रामाच्या नावाने ओळखली जाणारी वनराजी. दोन्ही बाजूंचे लोक हात जोडूनच उभे आहेत. कुंभकोणमात पर्वामुळे मोकळी जागा टिकली; नाशिकात पर्वासाठीच ती मागितली गेली. पर्व कोणत्या बाजूने उभे राहील, हे पंचांगात लिहिलेले नसते. ते ठरते त्या जागेवर काय आहे याची नोंद कोणाजवळ आहे, यावरून. तपोवनात झाडांवर नोटिसा लागल्या, तेव्हा ती झाडे किती, कोणत्या जातींची व किती वयाची, यावरच पहिला वाद झाला.

वाचकांपैकी बहुतेकांच्या गावी राणीची बाग नाही. तालुक्याच्या गावी टिळकांच्या किंवा गांधींच्या नावाची एखाद-दोन एकरांची बाग असते; मध्ये कोरडे कारंजे, कडेला चार बाकडी, दहा-वीस मोठी झाडे. ती कोणास ऐतिहासिक वाटत नाही. परंतु पुष्कळदा तिची जागा एखाद्या सावकाराने किंवा संस्थानिकाने नगरपालिकेस दान दिलेली असते व दानपत्रात 'लोकांच्या विहारासाठी' अशी अट असते. ते दानपत्र कोठे आहे? नगर भूमापन क्रमांक काय? मिळकतपत्रिकेवर क्षेत्र किती लिहिले आहे व आज कुंपणाच्या आत किती भरते? विकास आराखड्यात त्या जागेवर कोणते आरक्षण दाखविले आहे? या चार प्रश्नांची उत्तरे गावातील कोणाही एका माणसाजवळ लेखी असतील, तर बागेचे अर्धे काम झाले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर ही कागदपत्रे मागता येतात. कचेरीतील मंडळींशी भांडण्याचे त्यात काही कारण नाही. जुन्या कारकुनास आदराने विचारले, तर अर्ज न करताही पुष्कळ गोष्टी कळतात, असा अनुभव आहे.

उरलेले अर्धे काम झाडांचे. ते शाळेच्या मुलांकडून एका सुटीत होऊ शकते व त्यांना त्यात खेळाइतकाच आनंद वाटतो. प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा, गावातील जाणत्या माणसास विचारून नाव लिहावे, जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर टेपने घेर मोजावा आणि बागेच्या साध्या नकाशावर ठिपका द्यावा. खिळा मात्र ठोकू नये; रंगाने लिहावे. वय ठाऊक असलेल्या झाडांचा विशेष उल्लेख करावा. आपल्याकडे १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसावृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले. हा वृक्ष आपल्या आजोबांनी अमुक साली लावला, एवढे एक वाक्य कोणा वृद्धाने सही करून दिले, तर ते कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. वृद्ध मंडळी फार काळ थांबत नाहीत, तेव्हा हे काम आधी करावे.

बागेत कोण येतात, तेही लिहून ठेवणे अगत्याचे आहे. जागा रिकामी आहे असे म्हणणारास झाडे मोजून दाखविली तरी तो म्हणेल, 'पण माणसे कोठे आहेत?' कारण तो स्वतः दुपारी बारा वाजता मोटारीतून पाहणीस आलेला असतो. पहाटे साडेपाचला फिरणाऱ्या बायका, शाळा सुटल्यावर येणारी मुले, परीक्षेच्या दिवसांत घरात जागा नाही म्हणून दिव्याखाली अभ्यास करणारे विद्यार्थी, दवाखान्यातील रुग्णाचे बाहेर ताटकळणारे नातलग, यांची मोजणी दोन-तीन दिवस निरनिराळ्या वेळी करावी. आणि फुगेवाल्यास व शेंगदाणेवाल्यास विसरू नये. बागेची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते.

याउपर खरोखरच संकट आले, तर वेळेचे भान ठेवावे लागते. विकास आराखड्यातील बागेचे आरक्षण बदलावयाचे असल्यास महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली आधी जाहीर सूचना द्यावी लागते व तिच्यावर हरकती-सूचना पाठविण्यास लोकांना एक महिन्याची मुदत असते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतील पानावर बारीक टाइपात येते, आणि घरातील कोणी तरी ती पाने वाचण्याची सवय ठेवावी हे बरे. हरकत लिहिताना रागाचे शब्द घालू नयेत. अधिकाऱ्यास त्यांचा उपयोग नसतो. भूमापन क्रमांक, क्षेत्र, दानाची अट, झाडांची संख्या व त्यांतील जुन्या झाडांची नावे, रोज येणाऱ्या माणसांची मोजणी, आणि मागितलेल्या इमारतीसाठी गावात दुसरी कोणती जागा आहे, एवढे एका पानात मावते. दुसरी जागा सुचविणे विशेष महत्त्वाचे, कारण वाचनालय गावाला हवेच असते. एकाने दहा पाने लिहिण्यापेक्षा दहा कुटुंबांनी आपापल्या हस्ताक्षरात एकेक पान लिहावे. अर्ज टपालाने न धाडता स्वतः नेऊन द्यावा, दुसरी प्रत जवळ ठेवावी, आणि तिच्यावर तारखेसह आवक-शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नये.